काठ आधी, नक्षी नंतर

नवी साडी फॉल-पिकोला टाकली की दुकानदार तिच्या दोनच कडांना पिको करतो, पदराच्या आणि आत खोचायच्या टोकाच्या. लांबीच्या कडांना पिकोचे यंत्र लागतच नाही; खालच्या काठाला आतून फॉल लावला की काम संपले. साडेपाच मीटरच्या साडीत या दोन लांब कडा मिळून अकरा मीटर भरतात आणि पिको होतो तो जेमतेम सव्वादोन मीटरला. म्हणजे साडीची ऐंशी टक्क्यांहून अधिक कड मागावरून उतरतानाच पक्की होऊन आलेली असते. ती उसवत नाही, तिच्यातून दशा सुटत नाहीत, तिला दुमडून टीप मारावी लागत नाही. आपण मात्र काठाकडे पाहतो ते रंगासाठी, जरीसाठी, त्यावरच्या मोर-पोपटांसाठी. काठ म्हणजे साडीचा दागिना, अशीच आपली समजूत असते. ती अपुरी आहे. काठ मुळात विणकामातल्या एका अडचणीवरचा उपाय आहे आणि नक्षी त्यावर नंतर चढली. वस्त्र अखंड गुंडाळायचे की कापून शिवायचे, या निवडीशीही त्या उपायाचा जवळचा संबंध आहे. हे लक्षात आले की काठाला किंमत कुठे द्यायची आणि कुठे नाही, हेही ठरवता येते.

आधी ती अडचण पाहू. कापड म्हणजे उभ्या धाग्यांतून आडव्या धाग्याची ये-जा. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताणा मागावर आधीच ताणून बसवलेला असतो. बाणा कांडीवर भरून धोट्यात घालतात आणि धोटा एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे जातो. परत फिरताना बाणा तुटत नाही. कडेच्या शेवटच्या उभ्या धाग्याला वळसा घालून तो पुन्हा आत शिरतो. या वळशांची ओळ म्हणजे किनार. इंचाला साठ आडवे धागे धरले तर एका साडीत ते सुमारे तेरा हजार होतात आणि प्रत्येक कडेला साडेसहा हजारांच्या आसपास वळसे पडतात. पण प्रत्येक वळसा कडेच्या धाग्याला थोडा आत ओढतो. फणीत ताणा जेवढा रुंद असतो तेवढे कापड रुंद राहत नाही, ते आकसते. त्यामुळे कडेचे धागे फणीच्या दातांवर तिरके घासतात आणि मधल्या धाग्यांच्या आधी तुटतात. विणकराने बाणा जरा जास्त खेचला तर कड चुणते, सैल सोडला तर कडेला फासे लोंबतात. म्हणून कडेचे उभे धागे दुहेरी, जाड किंवा अधिक दाट घेतात, आणि विणलेले कापड रुंदीत ताणून धरायला टोकांना टाचण्या असलेली आडवी काठी लावतात. त्या टाचण्यांची बारीक छिद्रे पुष्कळ हातमागाच्या कापडांच्या कडेला दिसतात. सरळ, न चुणलेली, न लोंबणारी कड ही विणकराच्या हाताची खरी परीक्षा असते. मधली वीण त्या मानाने सोपी.

आता नक्षीचे पाहा. कडेचे धागे वेगळे घ्यायचेच आहेत, तर ते रंगीत घ्यायला काय हरकत? ताणा लावताना दोन्ही कडांना तांबडे धागे बसवले की पुढची सगळी वीण नेहमीसारखीच होते आणि काठ आपोआप उमटत जातो. विणकराला त्यासाठी एकही जादा धोटा फेकावा लागत नाही. साध्या पंचापासून धोतरापर्यंत, स्वस्तातल्या स्वस्त कापडालाही रंगीत काठ असतो त्याचे एक कारण हेच. पण या युक्तीला मर्यादा आहे. काठाचा ताणा तांबडा आणि अंगाचा बाणा हिरवा असला तर काठावर दोन्ही रंग मिसळतात आणि तांबडे मळकट दिसते. काठ शुद्ध तांबडाच हवा असेल तर काठापुरता बाणाही वेगळा हवा. विदर्भातल्या करवतकाठी साडीत हेच करतात. अंग टसर रेशमाचे, काठ सुताचा आणि धोटे तीन, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. अंगाचा बाणा आणि काठाचा बाणा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवावे लागतात. हा जोड एकाच उभ्या धाग्यावर ठेवला तर तिथे सरळ रेघेत गाठळ वळी तयार होईल आणि सगळा ताण तिच्यावर येईल. तो थोडा पुढे, थोडा मागे सरकवत नेला की ताण विभागला जातो आणि दिसायला करवतीचे दात उमटतात. कांचीपुरमच्या साड्यांतही तीन धोट्यांची हीच रीत आहे आणि तिथेही काठाच्या सांध्यावर असेच त्रिकोणी दाते, देवळांच्या शिखरांसारखे, दिसतात. दूरदूरच्या दोन ठिकाणी एकच आकार यावा, याचे कारण आवडीनिवडीपेक्षा सांध्याच्या बांधणीत शोधणे अधिक पटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पैठणीचा सात-आठ बोटे रुंद जरीकाठ कुठल्या बांधणीसाठी लागतो? कड पक्की व्हायला एक सेंटिमीटरही पुष्कळ झाला. शिवाय पारशी गाऱ्याला भरतकामाची कोर वेगळी जोडतात आणि हल्लीच्या जॉर्जेट साडीवर बाजारातून आणलेली लेस शिवतात. तिथे काठ वरून लावलेलाच असतो. हे सगळे खरे आहे. रुंद काठ हा वैभवाचाच भाग आहे आणि त्याची रुंदी बांधणीच्या गरजेतून निघत नाही. पण त्याची जागा मात्र निघते. नेसलेल्या वस्त्रात जमिनीला घासते, पावलांखाली येते, हाताने वारंवार धरली जाते ती कडच. दाट विणीचा काठ तिथे झीज सोसतो आणि वजन देऊन निऱ्या खाली ओढून धरतो. जाड सुती लुगड्याला वेगळ्या फॉलची गरज पडत नाही. हलक्या जॉर्जेटला किंवा शिफॉनला पडते, कारण तिथे विणलेला काठ ते काम करण्याइतका भक्कम नसतो. फॉल म्हणजे काठाने करायचे काम बाहेरून आणलेल्या पट्टीवर सोपवणे. वरून शिवलेली लेसही नक्षीबरोबर तेच वजन पुरवते. आणखी एक गोष्ट. गुंडाळलेल्या वस्त्राची उलटी बाजू कुठे ना कुठे दिसतेच, निऱ्यांच्या घडीत, खांद्यावरून मागे टाकलेल्या पदरात. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने अठराव्या शतकात भरभराटलेल्या महेश्वरच्या साडीचा काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो आणि पैठणीच्या पदराची वीणही सुलट-उलट जवळपास सारखीच दिसते. नुसता वरून मिरवायचा दागिना असता तर मागच्या बाजूची एवढी काळजी कोणी घेतली नसती.

लांबीच्या कडा वळशांनी पक्क्या होतात, पण रुंदीच्या टोकांचे काय? तिथे ताण्याचे धागे कापूनच कापड मागावरून उतरवतात. म्हणून त्या टोकांना न विणलेले धागे मोकळे राहतात, त्या दशा. त्या सुटू नयेत म्हणून चार-चार धागे एकत्र पिळतात, गाठी मारतात, गोंडे करतात. शालीच्या आणि उपरण्याच्या टोकांची शोभा ही अशी गरजेतूनच आली. इरकली लुगड्यात याच टोकावर आणखी एक कसब आहे. अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी, म्हणून दोन्ही ताण्यांचे फासे एकमेकांत अडकवून मगच विणायला घेतात. त्यासाठी ताणा एकेका लुगड्यापुरता वेगळा जोडावा लागतो. धर्मशास्त्राने धार्मिक कृत्यांसाठी सांगितलेल्या अहत वस्त्राची लक्षणे पाहिली तर ते नवे, न वापरलेले आणि दशांसह असावे अशी अपेक्षा आहे. दशा शाबूत असणे हा वस्त्र मधून कापलेले नसल्याचा उघड पुरावा होता. मागाने दिले तसे, चारही बाजूंनी पुरे, असे ते वस्त्र. आपल्याकडे सोवळ्याला धोतर-उपरणे चालते आणि शिवलेला सदरा चालत नाही, या रूढीची कारणे अनेक असतील, पण अखंड वस्त्राची ही कल्पना तिच्या मुळाशी आहे.

इथे कोणी म्हणेल की भारतात वस्त्रे गुंडाळली गेली ती उकाड्यामुळे, किनारीमुळे नव्हे. हवामानाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, जिथे रात्री गोठवणाऱ्या असतात, तिथल्या विणकरांनी चारही कडा पक्क्या असलेली कापडे विणली. ताण्याचे धागे न कापता दोन्ही टोकांनाही वळवून घेण्याची त्यांची रीत होती. विणताना नेमक्या मापाचे कापड करायचे, त्याला कात्री लावायची नाही आणि गरज पडली तर कडेला कड जोडून सदरा करायचा. जपानात हिवाळा कडक असतो, तरी किमोनोचे कापड साधारण छत्तीस-अडतीस सेंटिमीटर पन्ह्याचे विणतात आणि किनारी न कापता पट्ट्या सरळ जोडतात. जास्तीचे कापड शिवणीत दुमडून ठेवतात. त्यामुळे किमोनो उसवून, सगळ्या पट्ट्या पुन्हा जोडून, धुता येतो आणि दुसऱ्याच्या मापाचाही करता येतो. उलट पश्चिम आफ्रिका उष्ण, पण तिथे घानातले केंटे कापड सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या विणून, किनारीला किनार शिवून करतात. थंड, समशीतोष्ण, उष्ण अशा तिन्ही प्रदेशांत एकच विचार दिसतो. पक्की कड कष्टाने मिळते, म्हणून ती कापून वाया घालवायची नाही. हाताने शिवण्याच्या काळात याचा हिशेब सोपा होता. नऊवारी लुगड्याची लांबी सत्तावीस फूट. त्याला पक्की किनार नसती तर दोन्ही बाजू मिळून चौपन्न फूट कड दुमडून सुईने शिवावी लागली असती, आणि शिवणीचा दोरा झिजला की पुन्हा. मागाने हे काम फुकट करून दिले नसते तर एवढे लांब अखंड वस्त्र रोजच्या वापरात आले असते का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

कापून शिवणाऱ्या समाजांनाही किनार लागलीच, पण वेगळ्या कामाला. इंग्लंडमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये राजाच्या अधिकारांवर बंधने घालणाऱ्या कलमांच्या रांगेत एक कलम कापडाचे आहे. रंगीत लोकरी कापडाचा पन्हा सगळ्या राज्यात एकच, किनारीच्या आत दोन एल, असावा, असे ते सांगते. एल हे कापड मोजायचे जुने माप. माप किनारीपासून किनारीपर्यंत घ्यायचे, कारण कापडाच्या कडा कोणी छाटून अरुंद केल्या असतील तर ते किनार नसल्यामुळे लगेच कळते. आजही दुकानात पन्हा सांगतात तो याच अर्थाने. सुटाच्या कापडाच्या किनारीत गिरणीचे नाव असते आणि छापील कापडाच्या किनारीवर वापरलेल्या प्रत्येक रंगाचा एकेक ठिपका असतो. ठाण कोणाचे आणि छपाईत रंग किती, हे तिथे वाचता येते. शिंप्याला किनार आणखी एका गोष्टीसाठी हवी असते. तिला समांतर तो उभा धागा. पँट किंवा सलवार उभ्यात न बेतता तिरकी बेतली तर दोन धुण्यांत पाय पिळवटतो. मात्र बेतून झाल्यावर जाणता शिंपी बहुधा किनार काढून टाकतो किंवा तिला जागोजाग कात्रीचे काप देतो, कारण दाट विणीमुळे ती धुतल्यावर बाकीच्या कापडापेक्षा वेगळ्या प्रमाणात आटते आणि शिवण ओढली जाते. आपल्याकडे या दोन्ही पद्धतींच्या मधे खण बसतो. गुळेदगुड्डच्या खणाच्या अरुंद कापडाला दोन्हीकडे काठ असतो आणि चोळी अशी बेततात की तो बाह्यांच्या टोकांना यावा. कापड कापायचे, पण कड राखून.

किनारीचे हे स्थान हलले ते मागाच्या वेगाने. १७३३ मध्ये इंग्लंडच्या जॉन के याने दोरी ओढून धोटा पळवण्याची युक्ती काढली आणि पुढे माग वाफेवर व विजेवर चालू लागले. इचलकरंजीत १९०४ मध्ये यंत्रमाग आला आणि त्या गावाचे रूपच पालटले. तरी धोटा होता तोवर वळसाही होता. यंत्रमागाची किनार हातमागासारखीच पक्की होती. खरा फरक पडला तो धोटाच काढून टाकल्यावर. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या झुल्झर कंपनीचे बिनधोट्याचे माग बाजारात आले आणि पाठोपाठ रॅपिअर, एअरजेट, वॉटरजेट. जड धोटा इकडून तिकडे फेकायचा म्हणजे वेगाला मर्यादा येते. साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशेच्या आसपास धागे टाकतो; एअरजेट हवेच्या झोताने सहाशेपासून हजारापर्यंत धागे टाकतो. पण त्यासाठी प्रत्येक आडवा धागा वेगळा कापावा लागतो. तो एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूला थांबतो आणि परत वळत नाही. कड सुटी पडते. मग ती धरून ठेवायला कडेच्या दोन-दोन उभ्या धाग्यांना एकमेकांभोवती पीळ देतात, किंवा कापलेले टोक पुढच्या विणीत दुमडून घालतात. पॉलिएस्टर असेल तर कड उष्णतेने वितळवून चिकटवतात. सुताला हे चालत नाही, कारण सूत वितळत नाही, जळते. रॅपिअर मागावर बाण्याची टोके धरायला कापडाबाहेर एक जादा पट्टी विणली जाते आणि ती लगेच कापली जाते. दीड मीटरच्या पन्ह्यात सहा सेंटिमीटर धागा असा गेला तरी बाण्याचे चार टक्के सूत झाले. या कापलेल्या पट्ट्यांची भेंडोळी वजनावर विकली जातात आणि त्यांचे दोर वळतात, पायपुसणी विणतात. ज्या भागाने कापड टिकायचे तोच आता कापडाचा केर झाला आहे.

याचा अर्थ नवे माग निकृष्ट, असा काढू नये. ज्या कापडाचे शर्ट व्हायचे आहेत त्याची किनार शिंप्याच्या कात्रीखाली जाणारच असते आणि आतल्या सगळ्या कडा ओव्हरलॉकने पक्क्या होतात. तिथे संथ मागावर वळशाची किनार विणणे म्हणजे ग्राहकाकडून न वापरायच्या गोष्टीचे पैसे घेणे. जीन्सच्या बाबतीत तर उलटा भ्रम पसरला आहे. अरुंद, तीस इंचांच्या आसपास पन्ह्याच्या जुन्या डेनिममध्ये पँटच्या बाहेरच्या शिवणीला किनार येत असे आणि तिथे ओव्हरलॉक लागत नसे. लिव्हाइसच्या कापडाची ओळख म्हणून त्या किनारीत लाल धागा असे. कंपन्या रुंद मागांकडे वळल्यावर ती किनार गेली, आणि पुढे जपानी गिरण्यांनी जुन्या धोट्याच्या मागांवर पुन्हा तसेच डेनिम विणायला घेतले. त्यांतले काही माग साकिची टोयोडाच्या १९२४ मधल्या स्वयंचलित मागाच्या कुळातले होते. अमेरिकेत असे डेनिम विणणारी ग्रीन्सबरो इथली व्हाइट ओक ही कोन मिल्सची गिरणी २०१७ अखेर बंद पडली. आता पायाची घडी उलटून लाल रेघ दाखवणे ही हौस झाली आहे आणि तिच्यासाठी दुप्पट-तिप्पट किंमत मोजली जाते. ती रेघ एवढेच सांगते की कापड धोट्याच्या मागावर विणले आहे. कापूस कसा, सूत किती पिळाचे, नीळ किती खोल, यांतले काहीच ती सांगत नाही, आणि पँटचे आयुष्य ठरते ते या गोष्टींवर. हातमागाच्या कापडालाही हाच न्याय लावावा लागेल. किनारीतली छिद्रे ही हातमागाची खूण म्हणून सांगतात, पण यंत्रमागावरही कापड ताणून धरणाऱ्या टोकदार चकत्या असतात आणि त्यांच्याही खुणा उमटतात. किनार साक्ष देते, पण तिला जेवढे माहीत आहे तेवढीच.

म्हणून किनारीची किंमत कापडाच्या कामावरून ठरवावी. शर्ट, कुर्ता, पँट यांच्यासाठी कापड घेताना तिच्यात पन्हा मोजावा, गिरणीचे नाव वाचावे, उभा धागा ओळखावा आणि पुढे तिची चिंता सोडावी. पण जे कापड न कापता वापरायचे आहे, म्हणजे साडी, धोतर, उपरणे, पंचा, चादर, शाल, त्याची घडी उलगडून कड जरूर तपासावी. आडवा धागा कडेला जाऊन वळतो की कापलेला आहे? कापलेला असेल तर त्याचे टोक आत दुमडले आहे, पिळात धरले आहे की नुसते चिकटवले आहे? ताणून पाहिल्यावर कड चुणते का? वळशाची, सरळ, अंगापेक्षा किंचित दाट कड असेल तर ते कापड रोजच्या धुण्यात स्वतःला सांभाळेल आणि विणकराने मागितलेली जास्तीची किंमत रास्त आहे. नुसती चिकटवलेली किंवा कापलेली असेल तर दुमडून टीप मारण्याचा खर्च आपल्यावर आहे. तो हिशेबात धरूनच भाव ठरवावा. काठावरची नक्षी कितीही सुंदर असली तरी हा हिशेब तिच्या आधी येतो.